कुळाने 'हक्क सोडला' असं लिहून दिलं की कूळकायदा संपतो का?

पाणंद

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे, पण गावागावात तोच आहे म्हणून इथे मांडतोय.

माणगाव तालुक्यात (रायगड) माझे मामा एक एकर दहा गुंठे भातशेती करतात. त्यांच्या आधी आजोबा करत होते. सातबाऱ्यावर मालक म्हणून मुंबईतल्या एका कुटुंबाचं नाव आहे आणि 'इतर हक्क' या रकान्यात आजोबांचं नाव 'कूळ' (दुसऱ्याची जमीन कसणारा) म्हणून. कुळाने द्यायची किंमत ठरवण्याचं, म्हणजे कूळकायद्याच्या कलम ३२ग चं काम कधी झालंच नाही, कारण त्या काळी मालकीणबाई विधवा होत्या.

मालकांचे वारस गेल्या महिन्यात गावी आले, चहा घेतला आणि मामांची एका कागदावर सही घेऊन गेले. पाचशेचा स्टॅम्प, खाली नोटरीचा शिक्का. मजकूर साधारण असा: 'मी सदर मिळकतीत पगारी मजूर म्हणून काम करीत होतो. माझा अगर माझ्या पूर्वजांचा कूळ म्हणून कोणताही हक्क नव्हता व नाही. भविष्यात असा हक्क सांगणार नाही. सदर लेख मी स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय लिहून देत आहे.' त्याबद्दल रोख दीड लाख दिले. मामा सातवी शिकलेले. 'स्वखुशीने' हा शब्द त्यांनी आयुष्यात तोंडात घेतला नसेल.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हा कागद कायद्यापुढे टिकेल का, ही एक. दुसरी जास्त महत्त्वाची. असा कागद रद्दच होतो असं कायदा म्हणत असेल, तर तो मुळात होऊच नये यासाठी काय करायला हवं? माझं मत स्पष्ट आहे. कसेल त्याची जमीन हा कायदा सरकारने दोन माणसांमधल्या बळाचा फरक बघून केला. तोच फरक वापरून सही घ्यायची आणि कायदा बाजूला सारायचा, ही वाट बंद झालीच पाहिजे.

काळी माती

सगळ्यात आधी: त्या कागदाची झेरॉक्स मामांकडे आहे का? नसेल तर आज मिळवा. बाकी चर्चा नंतर.

वकिलीणबाई

पाणंद, मी महसुली दावे चालवते. तुमच्या मामांचे कागद पाहिल्याशिवाय त्यांच्या दाव्याबद्दल बोलणार नाही, पण कायदा कुठे उभा आहे ते सांगते.

१९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम (आता नावात महाराष्ट्र आहे) कुळाला जमीन सोडायला मना करत नाही. कलम १५ म्हणतं, सोडायची तर लेखी सोडा आणि मामलेदारापुढे त्याची पडताळणी होऊ द्या. म्हणजे तहसीलदाराने कुळाला समोर बसवून विचारायचं: कशावर सही करतोयस हे कळलंय का, कोणी भाग पाडलं का? १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याखालच्या राजीनाम्याबद्दल, म्हणजे कुळाने जमीन सोडण्याबद्दल, ठरवून टाकलं की ही पडताळणी म्हणजे नुसता उपचार नाही, ती सक्तीची आहे. कायद्याने एक रीत सांगितली असेल तर त्याच रीतीने करायचं, नाहीतर ते झालंच नाही. नोटरी म्हणजे मामलेदार नव्हे.

दुसरं कलम २९. मालकाला कुळाकडून ताबा घ्यायचा असेल तर तहसीलदाराचा हुकूम लागतो. कागद दाखवून बांधावर उभं राहता येत नाही.

तिसरी गोष्ट 'पगारी मजूर' या शब्दांची. कलम ४ प्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जातो. त्याला अपवाद आहेत: मालकाच्या घरचा माणूस, पैशात किंवा धान्यात ठराविक मजुरी घेणारा गडी, मालकाच्या देखरेखीखाली राबणारा मजूर, ताबेगहाणदार (गहाणापोटी जमीन ताब्यात घेतलेला). पण गड्याचा मोबदला पिकाच्या वाट्यात असेल तर तो या अपवादात बसत नाही. तेव्हा मामा खंड (ठरलेलं भाडं) देत होते की अर्धेली (निम्मं पीक), की खरंच मजुरी घेत होते, हे आधी बघावं लागेल. कागदावर काय लिहिलंय याने नातं बदलत नाही.

आणि मुळात १ एप्रिल १९५७ रोजी, कृषकदिनी, कलम ३२ प्रमाणे कुळाने जमीन विकत घेतली असं कायदाच मानतो. अपवादात न बसणारा माणूस त्या दिवसापासून खरेदीदार आहे. त्याने नंतर 'कूळहक्क सोडला' म्हणायला कूळ उरलंय कुठे? विधवा, अज्ञान किंवा अपंग मालक असेल तर मात्र ३२फ लागतं आणि तिथे खरेदी पुढे ढकलली जाते. पाणंद, तुमचं प्रकरण तिथलं दिसतंय. त्यावर सविस्तर लिहीन, आत्ता कोर्टात निघालेय.

अष्टागरकर

आमच्या अलिबागेकडची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. चरीचा संप. १९३३ पासून जवळजवळ सहा वर्षं कुळांनी नांगर हातात घेतला नाही. नारायण नागू पाटील पुढारी होते, डॉ. आंबेडकरांचा पाठिंबा होता. लोक जंगलातल्या मोळ्या विकून, मासे धरून जगले पण शेतात उतरले नाहीत.

त्या काळात खोत (कोकणात सारा वसूल करणारे वतनदार) आणि सावकारांचं हत्यार काय होतं? कबुलायत. दरसाल कुळाने लिहून द्यायचं: इतका खंड देईन, वरकड अमुक देईन, जमिनीवर हक्क सांगणार नाही. अंगठा कुळाचा, मजकूर सावकाराच्या कारकुनाचा. कागदावर सगळं राजीखुशीचं! बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, जानेवारी १९३८ मध्ये कोकणातली कुळं मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेली. १९३९ चा कूळकायदा आणि पुढचा १९४८ चा कायदा या लढ्यांतून आले. खोती तर १९४९ च्या कायद्याने गेली.

तेव्हा पाणंदच्या मामांचा स्टॅम्प पेपर ही काही नवी शक्कल नाही. जी कबुलायत मोडायला कायदा केला, तीच परत आली आहे.

देशावरचा

मी दुसरी बाजू मांडतो, कारण इथे सगळे मालक जमीनदार असल्यासारखं चाललंय.

माझे आजोबा प्राथमिक शिक्षक. बदली झाली म्हणून तीन एकर जिराईत शेजाऱ्याला कसायला दिली. कसला खोत आणि कसली सावकारी! ती जमीन गेली. आजोबांना आकाराच्या (जमिनीच्या साऱ्याच्या) काही पटीत किंमत मिळाली, तीही हप्त्याने. वडील नोकरीत होते म्हणून आमचं निभावलं. आजही आमच्या गावात निम्मी पडीक जमीन अशी आहे की मालक पुण्यात, कसायला माणूस तयार, पण मालक देत नाही. का? सातबाऱ्यावर नाव लागेल ही भीती. दिलीच तर तोंडी, आणि दरवर्षी माणूस बदलून.

दोन शहाणी माणसं आपसात ठरवतायत की अकरा महिने कस, वर्षाला इतके दे, हक्क सांगू नको. त्यात सरकारने का पडावं? करार म्हणजे करार.

गोदाकाठ

देशावरचा यांच्याशी अर्धा सहमत. भीती खरी आहे. पण 'दोन शहाणी माणसं' हे खरं नाही. आमच्याकडे जालन्यात वाट्याने करणाऱ्याला बियाणं, खत, बैल, सगळं मालकाच्या उधारीवर. तो कराराला नाही कसा म्हणेल?

अवांतर: मराठवाड्याला १९४८ चा कायदा नाही, १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा आहे. विदर्भाला १९५८ चा वेगळा. कलमांचे आकडे तसेच्या तसे वापरू नका.

तळ्याकाठी

हा धागा आईला वाचून दाखवला. तिने जेवण अर्धवट टाकून माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. आजोबांच्या खंडाच्या पावत्या सापडल्या, सोबत माझं पहिलीचं प्रगतिपुस्तक. पावत्या तिने जपून ठेवल्या, प्रगतिपुस्तक आता सगळ्या घरात फिरतंय. :)

काळी माती

@तळ्याकाठी, पावत्यांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. जुनी शाई उडते.

सजा क्रमांक सात

मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. वकिलीणबाईंनी कायदा बरोबर सांगितला. मी सांगतो तो गावात कसा चालतो ते.

असा नोटरीचा कागद कोर्टात टिकत नाही हे मालकाच्या वकिलाला माहीत असतं. तरी तो करतो, कारण त्याला कोर्टात जायचंच नसतं. तो कागद तीन ठिकाणी चालतो. पहिलं, कुळाच्या मनात. 'मी सही केली, आता काय बोलणार' असं म्हणून माणूस नांगर सोडतो. एकदा ताबा गेला की पीकपाहणीत मालकाचं नाव आणि मग सगळं उलटं सिद्ध करत बसा. दुसरं, तलाठ्याच्या दप्तरात. इतर हक्कातलं कुळाचं नाव नोटरीच्या कागदावर कमी करता येत नाही, त्याला तहसीलदाराचा हुकूम पाहिजे. पण अर्ज करायचा महसूल संहितेच्या कलम १५५ खाली, म्हणजे लेखनप्रमाद दुरुस्तीचा, आणि कुळाचं नाव 'चुकून राहिलं' म्हणून काढून टाकायचं, असे प्रकार मी डोळ्यांनी बघितलेत. तिसरं, विकत घेणाऱ्यासमोर. त्याला सातबारा कोरा दाखवला की तो घेतो आणि पुढे आणखी कोणाला देतो. कूळ जागं होईपर्यंत जमिनीवर बंगला उभा.

म्हणून माझं म्हणणं, 'असा करार रद्दबातल' एवढं कायद्यात असून भागत नाही. तो रद्द आहे असं कुणीतरी म्हणेपर्यंत तो चालूच राहतो, आणि म्हणायचं ओझं सगळ्यात गरीब माणसावर. इतर हक्कात कूळ असलेल्या गटावर कुठलाही फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) धरताना कुळाला नोटीस मिळाल्याची सही आणि त्याचा जबाब असल्याशिवाय नोंद प्रमाणित होता कामा नये. नोटीस चावडीवर लावली, काम झालं, हे बंद पाहिजे. कूळ मयत असेल तर आधी वारसांची नावं लावा, मग पुढचं बघा. पाणंद, आजोबांच्या जागी मामांचं नाव लागलंय का? नसेल तर ते पहिलं काम.

देशावरचा

सजाभाऊ, हे मान्य. नोटीस घरी जावी याला कोण नाही म्हणेल. फसवणुकीच्या बाजूने मी नाही.

पण माझा प्रश्न उरतोच. खरोखर राजीखुशीने करार झाला तर?

वकिलीणबाई

देशावरचा, तुमच्या आजोबांचं वाचून वाईट वाटलं, आणि असे शिक्षक-मालक मी पाहिलेत. तरी 'करार म्हणजे करार' हे कुठल्याच क्षेत्रात पूर्ण खरं नाही. किमान वेतनापेक्षा कमी पगारावर कामगाराने सही केली तरी मालकाला तो फरक द्यावा लागतो. भारतीय करार कायद्याचं कलम २३ सांगतं की ज्या कराराने एखाद्या कायद्याचा हेतूच हाणून पाडला जाईल, तो करार रद्द.

कायद्याने दिलेला हक्क माणूस सोडू शकतो का? फक्त त्याच्या एकट्याच्या सोयीसाठी असेल तर सोडू शकतो. सार्वजनिक धोरण म्हणून दिलेला असेल तर नाही. कूळकायदा दुसऱ्या प्रकारचा. कारण एका कुळाने सही केली की शेजारच्या कुळाला 'त्याने दिली, तू का देत नाहीस' म्हणायला मालक मोकळा. सही ऐच्छिक ठेवली तर ती गावभर सक्तीची होते.

विधिमंडळाला हे अनुभवाने कळलं. १९५६ च्या दुरुस्तीने कृषकदिन येणार हे दिसताच ठिकठिकाणी कुळांना हलवलं गेलं. १५ जून १९५५ ला कसत होते ते १ एप्रिल १९५७ ला शेतात नव्हते. मग १९६९ मध्ये कलम ३२(१ब) घालावं लागलं: तहसीलदाराच्या हुकुमाशिवाय ज्यांचा ताबा गेला आणि जमीन अजून मालकाकडे किंवा त्याच्या वारसांकडेच आहे, त्यांना ती परत द्या. बारा वर्षांनी! तोवर किती जण मुंबईच्या गिरणीत पोचले असतील. म्हणून सजाभाऊंचा मुद्दा मोलाचा आहे. आधी अडवलं तर हे नंतरचं निस्तरणं लागत नाही.

हुगळीकाठचा

कोलकात्यात नोकरी, मूळ सांगलीचा. इथली रीत सांगावीशी वाटते.

बंगालने बरगादाराला, म्हणजे वाटेकऱ्याला, मालकी दिली नाही. त्याला कसण्याचा पक्का हक्क दिला, तोही वारसाने जाणारा. मालकाने बियाणं-खत-नांगर काही दिलं नाही तर पिकाचे ७५ टक्के वाटेकऱ्याचे. १९७८ पासून 'ऑपरेशन बर्गा' झालं. अधिकारी कचेरीत न बसता गावात जाऊन संध्याकाळी, लोक शेतातून आल्यावर, सभा घ्यायचे आणि सर्वांसमक्ष नावं नोंदवायचे. मालक नाही म्हणाला तर सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. कसणारा बरगादारच आहे असं कायदा धरून चालतो.

पण या धाग्याला लागू पडणारी खरी युक्ती वेगळीच आहे. बरगादाराने राजीखुशीने जमीन सोडली असं ठरलं, तरी ती मालकाला स्वतः कसायला मिळत नाही! त्याने अधिकाऱ्याच्या परवानगीने दुसऱ्या बरगादाराला द्यायची. म्हणजे खोटा राजीनामा लिहून घेण्यात मालकाचा फायदाच उरत नाही. मोहच काढून टाकला.

वकिलीणबाई

हुगळीकाठचा, सुंदर माहिती. आपल्याकडेही कलम १५(२) मध्ये याचं बीज आहे. राजीनामा खरा असला तरी मालकाला कायद्याने जेवढी जमीन परत घेता आली असती तेवढीच ठेवता येते, बाकीच्या जमिनीची विल्हेवाट सरकार लावणार. पण ही चौकशी व्हायला राजीनामा तहसीलदारापुढे यायला हवा. म्हणून तर तो नोटरीपाशी जातो.

भीमथडी

पुणे जिल्ह्यात आता राजीनामा कोण घेत बसतो? इथे 'विकसन करार' असतो.

कुळाला ३२म चं, म्हणजे जमीन खरेदीचं, प्रमाणपत्र मिळालं तरी जमीन कलम ४३ च्या बंधनात असायची, जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री नाही. मग बिल्डर काय करायचा? विक्री करायचीच नाही. साठेखत (पुढे विक्री करू असा करार), ताबापावती, रद्द न होणारं कुलमुखत्यारपत्र, तिन्ही एकाच दिवशी. पैसे थोडे, बाकी 'परवानगी मिळाल्यावर'. परवानगीचा अर्जही कुळाच्या नावाने बिल्डरच करणार. आमच्या शेजारच्या आजींनी अंगठा दिला तेव्हा रस्त्यालगतच्या जमिनीला भाव नव्हता. परवानगी येईपर्यंत भाव कुठल्या कुठे गेला आणि त्या मात्र जुन्या आकड्याला बांधलेल्या.

२०१४ मध्ये कलम ४३ सैल झालं. प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या ४० पट रक्कम भरायची, परवानगी लागत नाही. काहींना हे कुळाचं स्वातंत्र्य वाटतं. मलाही पटतं, त्याची जमीन त्याने का विकू नये? पण जुनी साठेखतं घेऊन बसलेल्यांना त्या दिवशी लॉटरी लागली. नवा कायदा करताना 'आधी बंधन मोडून केलेले करार या सवलतीचा लाभ घेणार नाहीत' एवढी एक ओळ हवी होती.

काळी माती

पण कोर्टं तर परवानगीच्या अटीवर साठेखताची पूर्तता करून द्या असे हुकूम देतात ना?

वकिलीणबाई

देतात. करार सरळ आहे आणि परवानगी अजून मिळू शकते असं दिसलं तर असे सशर्त हुकूम झाले आहेत. पण भीमथडी सांगतायत ते वेगळं आहे: ताबा दिला, मुखत्यारपत्र दिलं, सगळं झालं आणि नावाला 'साठेखत' ठेवलं. कागदाचं नाव न बघता त्याने प्रत्यक्षात काय घडवलं ते बघावं, हा माझा आग्रह. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही हे तर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्वच्छ सांगितलंय.

जव्हारची वाट

आदिवासी जमिनीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

महसूल संहितेचं कलम ३६अ नीट वाचा. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा 'किंवा अन्य प्रकारे' द्यायची नाही. पाच वर्षांपर्यंतच्या गहाण-भाडेपट्ट्याला जिल्हाधिकाऱ्याची परवानगी, बाकी सगळ्याला सरकारची पूर्वमंजुरीही. आणि त्यात दिवाणी कोर्टाच्या हुकुमनाम्यातली विक्रीसुद्धा धरली आहे. हे महत्त्वाचं. कारण आपसात खोटा दावा लावायचा, तडजोड करायची आणि कोर्टाचा हुकूम घेऊन यायचा, ही जुनी पळवाट. कायदा लिहिणाऱ्याने ती ओळखून बंद केली. शिवाय १९७४ च्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद केली, तीही त्या काळी वैध असलेल्या व्यवहारांना लागू करून. सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली.

तरी आमच्याकडे शेतघरं उभी आहेतच. कागदावर खातेदार आदिवासी, कुंपणाच्या आत तोच माणूस रखवालदार. कलमं कितीही घट्ट असली तरी कुंपण घालताना कोणी विचारत नाही. मला यावर गावसभेचा ठराव हा उपाय वाटतो. पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा लागू आहे तिथे) हातातून गेलेली जमीन परत मिळवून देण्याचा अधिकार ग्रामसभेला कायद्याने आहे. तो वापरायला माणसं बसायला हवीत.

तिसवाडीकर

गोव्यातून नमस्कार. आमच्याकडे शेतीचं कूळ आणि मुंडकार दोन्ही आहेत. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) भाटात, म्हणजे बागायतीत, घर बांधून राहणारा. १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची कूळकायद्याची पाचवी दुरुस्ती, दोन्ही शशिकलाताई काकोडकरांच्या कारकिर्दीतल्या. मुंडकाराला घर आणि भोवतालची जागा, खेड्यात ३०० चौरस मीटरपर्यंत, विकत घेता येते.

इथला नेहमीचा प्रकार म्हणजे भाटकार म्हणतो, 'तुला मोठी जागा दुसरीकडे देतो, इथला दावा मागे घे.' दावा मागे घेतला की दुसरीकडची जागा कधी मिळत नाही. माझ्या मावशीच्या बाबतीत झालं. वाड्यावर सगळे एकमेकांच्या लग्नाकार्याला जाणारे, त्यामुळे लेखी काही मागणं लाजेचं वाटतं. दावा मागे घेतानाही मामलेदाराने का, काय मिळालं, हे विचारून लिहून घ्यावं असं माझं मत.

देशावरचा

सगळं वाचलं. जव्हारच्या ताईंचा मुद्दा मनात राहिला.

माझी मागणी आता अशी मांडतो. नीती आयोगाने २०१६ मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा दिला. करार लेखी, मुदत संपली की जमीन मालकाला परत, भाडेकरूला मुदतीत कर्ज-विमा मिळणार. हे आलं तर पडीक जमीन कसली जाईल आणि चोरून-मारून करार करायची गरजच उरणार नाही. आज कसणाऱ्याला पीएम किसानचे सहा हजार मिळत नाहीत, पीककर्ज नाही. ई-पीक पाहणीतही पीक नोंदवायचं ते खातेदाराच्या नावाने. तो कुठेच दिसत नाही.

वकिलीणबाई

हे बोलणं मला पटतं, एका अटीवर. नव्या करारांसाठी नवा कायदा येऊ दे. पण त्यात पहिल्याच पानावर लिहा की ज्याला जुन्या कायद्याने हक्क मिळालेले आहेत, त्याच्याशी त्याच जमिनीचा असा करार करता येणार नाही. नाहीतर काय होईल ते बघा: पाणंदच्या मामांकडून पुढच्या वेळी 'मजूर होतो' असं लिहून न घेता पाच वर्षांच्या भाडेपट्ट्यावर सही घेतील. छापील फॉर्म, सरकारी शिक्का, सगळं रीतसर. आणि सत्तर वर्षांचं कूळ पाच वर्षांचा भाडेकरू होईल. सुधारणेचा कायदाच सुधारणा पुसण्याचं साधन बनेल.

सजा क्रमांक सात

हेच. करार नोंदवण्याआधी मागचे फेरफार तपासायचे, इतर हक्कात कूळ दिसलं की दस्त तहसीलदाराकडे. आता सगळं संगणकावर आहे, अवघड नाही.

पाणंद

सगळ्यांचे मनापासून आभार. झेरॉक्स मिळाली, नोटरीच्या नोंदवहीचा क्रमांक त्यावर आहे. मामांना समजावलं की कसणं थांबवायचं नाही. तरवा काढून झालाय, लावणी सुरू आहे. आजोबांच्या नावावर १९५० च्या दशकातल्या पीकपाहणीचे उतारे तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळाले. वारसनोंदीचा अर्ज दिला.

वकिलीणबाई, ३२फ चं तेवढं सांगाल का? मालकीणबाई कधी वारल्या हे मामांना कोणी कळवलंच नव्हतं. आता तिथे मुदत संपली म्हणतायत.

वकिलीणबाई

हाच तुमच्या प्रकरणाचा गाभा आहे. ३२फ प्रमाणे विधवा मालकिणीचा हक्क संपल्यावर ठराविक मुदतीत कुळाने खरेदीची इच्छा मालकाला आणि न्यायाधिकरणाला कळवायची. आधीच्या निकालांमुळे ही मुदत चुकली की कुळाचा हक्क गेला असं धरत असत. बाई मुंबईत वारल्या, कुळाला पत्ता नाही, आणि तरी घड्याळ चालू! सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने कोकणातल्याच एका प्रकरणात हा अर्थ बाजूला सारला. विधवेच्या वारसांनी कुळाला कळवलं पाहिजे, न कळवता मुदत संपली म्हणता येणार नाही, असा त्याचा आशय. निकालाची प्रत मी तुम्हाला पाठवते.

करायचं ते असं. कलम ७०ब खाली कूळ ठरवून मागण्याचा अर्ज तहसीलदारांकडे द्या, आणि खरेदीची इच्छा लेखी कळवा, पोच घेऊन. त्याच अर्जात नोटरीच्या कागदाचा उल्लेख स्वतःहून करा. तो विरुद्ध बाजूने बाहेर काढला तर मामा काहीतरी लपवत होते असं चित्र होतं. सही कुठे झाली, कोण हजर होतं, वाचून दाखवलं का, हे मामांच्या शब्दांत. निकाल विरोधात गेला तर कलम ७४ खाली अपील, त्यावर महसूल न्यायाधिकरणाकडे पुनरीक्षण. दिवाणी कोर्टात कूळ आहे की नाही हा प्रश्न ठरत नाही, कलम ८५ ने तो दरवाजा बंद आहे. तिकडून मनाईचा दावा आला तर घाबरू नका, हजर राहा आणि कूळ असल्याचा मुद्दा तहसीलदारांकडे पाठवायला सांगा.

काळी माती

आणि दीड लाखाचं काय? ते खर्च झाले असतील तर?

पाणंद

बरेचसे आहेत. थोडे घराच्या पत्र्यांना गेले.

वकिलीणबाई

उरलेले बँकेत वेगळे ठेवा, हात लावू नका. रद्द ठरलेल्या करारात मिळालेला फायदा परत करावा लागू शकतो, करार कायद्याचं कलम ६५ आहे. अर्जातच लिहा की ही रक्कम परत करायला तयार आहोत, तहसीलदार सांगतील तशी. पैसे ठेवायचे आणि कागदही नाकारायचा असं दिसता कामा नये.

सजा क्रमांक सात

आणि पैसे परस्पर मालकाच्या हातात देऊ नका. द्यायचेच तर धनादेशाने, कशाबद्दल ते लिहून. नाहीतर तीच रक्कम उद्या 'खंड थकला होता तो भरला' म्हणून दाखवतील.